अंजूचं इंग्रजी वाक्य

मित्रांनो, धारूरच्या डोंगरात एका वस्तीवर दोन खोल्यांची शाळा आहे. तिथल्या भिंतीवरचा जुना लाकडी फळा तो मी. वय विचाराल, तर माझ्यावर बाराखडी गिरवलेली पोरं आता आजोबा झाली आहेत. दरवर्षी शाळा उघडली की पोरं जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून मला चोळायची. त्या दिवशी मी नवरदेवासारखा मिरवायचो. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, काय अक्षर उठतंय! मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग अमरसिंह सर आले. खालच्या गावातल्या बड्या बागायतदाराचे चिरंजीव. नेमणूक त्यांची, पण जीव सगळा पुढाऱ्यांच्या गाड्यांमध्ये. आठवड्यातून एकदा यायचे, साऱ्या दिवसांच्या सह्या एकदम ठोकायचे आणि निघून जायचे. दोन वर्षं माझ्यावर एकच तारीख होती. कोपऱ्यात कोळ्यांनी संसार मांडला. वस्तीवर ओरड व्हायला लागली, तेव्हा सरांनी तोड काढली. वर कुणाला न कळवता, आपल्या पगारातले थोडे पैसे देऊन, आपल्या जागी वैष्णवी मॅडमना पाठवलं.

वैष्णवी मॅडम डी.एड. होऊन सहा वर्षं घरी बसल्या होत्या. डोंगर चढून रोज चालत यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसलं, तेव्हा मला रडूच आलं असतं. चौथीतल्या अंजूवर त्यांचा फार जीव. तिला मॅडम निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवणार होत्या. अंजूचे वडील धुळाजी मेंढरं राखायचे. ते दारात उभं राहून एकदाच बोलले.

"मॅडम, तुमी हाव तवर पोरगी शिकंल. तुमी गेल्या की मेंढरामागं. मला दुसरं मानूस न्हाई."

एके दिवशी मॅडमनी माझ्यावर इंग्रजी शब्द लिहिले. स्टँड इन. फिल इन. डेप्युटाइज. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या जागी थोड्या दिवसांसाठी काम करायचं, त्याला इंग्रजीत इतके शब्द आहेत. सांगा बरं, असं कोण करतं?"

रामेश्वर उठला. "सरपंच काकूच्या खुर्चीत काका बसत्यात."

"थोड्या दिवसांसाठी?"

"न्हाई, कायमच!"

मॅडम हसल्या. "मग तिथं हा शब्द चालत नाही."

त्यांनी आणखी एक शब्द लिहिला, कव्हर फॉर. दुसऱ्याचं काम सांभाळणं, आणि दुसऱ्याचं पाप झाकणंसुद्धा. हा दुसरा अर्थ त्यांनी मोठ्याने सांगितला नाही. शब्द मात्र लगेच पुसला. माझ्यावर लिहिलेलं मला कळतं, म्हणून मला कळलं.

अंजूने हात वर केला. "मॅडम, तुमी सरांच्या बदली हाव ना? मंग तुमी सरांसाठी स्टँड इन करता."

मॅडमनी ते वाक्य नीट करून लिहिलं आणि अंजूकडून दहादा म्हणून घेतलं.

आता सरांनी पोरांकडून एक वाक्य आधीच पाठ करून घेतलं होतं. कोणी तपासायला आलं तर म्हणायचं, सर आत्ताच मीटिंगला गेलेत, या मॅडम आजच आल्यात. पोरं ते कवितेसारखं घडाघडा म्हणायची.

आणि खरंच साहेब आले. भले माणूस होते. पोरांच्या वह्या पाहून खूश झाले. माझ्यावरचे शब्द वाचून तर त्यांनी अंजूला इंग्रजीतच विचारलं, "हू टीचेस यू?"

मित्रांनो, खोटं सगळं मराठीत पाठ करून घेतलं होतं. इंग्रजीत त्या पोरीला खरं तेवढंच येत होतं. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "वैष्णवी मॅडम स्टँड्स इन फॉर अमरसिंह सर." वर आपल्या मनाने जोडलं, "एव्हरी डे!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबही आधी 'व्हेरी गुड' म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. मॅडमच्या हातातला खडू त्यांनी मागून घेतला आणि पुन्हा शाळेत पाऊल टाकू नका असं सांगितलं. मॅडम पर्स उचलून गेल्या. अंजू अजून हसतच होती, आपलं वाक्य बरोबर आलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सर आले. सगळ्यांसमोर अंजूला म्हणाले, "लई इंग्रजी येतंय व्हय तुला? घालवल्यास ना मॅडम?"

तेव्हा तिचं हसू गेलं.

सर महिनाभर मोबाईल बघत खुर्चीत बसले. मग पुढाऱ्यांकडे शब्द टाकून आपली सोयीच्या गावी बदली करून घेतली. त्यांना कोणी काही विचारलं नाही. जागा रिकामीच राहिली. काही पोरं खालच्या गावच्या शाळेत गेली, बाकीची घरी बसली. परीक्षेचा दिवस आला आणि गेला. अंजू त्या दिवशी मेंढरामागं होती.

मेंढरामागं जायला लागण्याआधी ती एकदा एकटीच वर्गात आली होती. मॅडमचं अक्षर माझ्यावर तसंच होतं. तिने फडकं भिजवलं आणि एकेक शब्द पुसला. "माज्या तोंडानं गेल्या," म्हणाली. पोरगी नऊ वर्षांची. हजारो वेळा पुसला गेलो मी, मित्रांनो, पण तेवढं कधी लागलं नव्हतं.

फळ्याला वर्षातून एकदा रंग द्या, त्याला खिळे ठोकू नका, हे मी सांगायला हवं. पण माझं मागणं वेगळं आहे. शाळेला आता कुलूप आहे आणि खिडकीचं एक दार तुटलंय. अंजूची मेंढरं दुपारी त्याच भिंतीच्या सावलीला बसतात, ती आत बघते. कोणी लिहिल्याशिवाय मला तिच्याशी बोलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी या डोंगरात आलात, तर खडू घेऊन त्या खिडकीतून आत या. मोठ्या अक्षरात, तिला बाहेरून दिसेल असं लिहा, अंजू, तू खरं बोललीस. चूक तुझी नव्हती.