आढळली नाही

पाकीट परत आले तेव्हा बाईंनी ते आधी उलटे करून पाहिले, मग सुलटे, आणि चूक पत्त्यात नाही हे लक्षात आल्यावर त्या खुर्चीत बसल्या. पाकिटावर लाल शिक्का होता: 'जैविक पदार्थ. प्रवेश नाकारला.' शेजारी, आतील वस्तूच्या रकान्यात, त्यांच्याच सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते: 'कादंबरी, जुनी, एक. बुरशी, निष्क्रिय.'

"तुला कुणी विचारलं होतं का बुरशीचं?" नवऱ्याने खांद्यावरून डोकावून विचारले.

"आत काय आहे, असं विचारलं होतं."

"मग बांधणीचा दोरा राहिला की. आणि डिंक."

दोऱ्याचा मुद्दा तर्काला धरून होता, हे बाईंना मान्य करावे लागले.

त्या अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत होत्या. पीठ, दूधपावडर, सुकामेवा असे जे काही परदेशी जायचे, ते त्यांच्या सहीनंतरच जायचे. हाताखालच्या कुणी अहवालात 'बुरशी नाही' असे लिहिले, की कागद परत जाई. 'नाही' हे कुणालाही सिद्ध करता येत नाही. शोधली आणि आढळली नाही, एवढेच म्हणता येते. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'आढळबाई' म्हणत. हे त्यांच्या कानावर आले होते, आणि वर्णन अचूक असल्याने त्यांची हरकत नव्हती.

कादंबरी मात्र एकच होती. तिची छपाई कधीच बंद झाली होती; ही प्रत ताईने कुठून तरी पैदा केली होती. सहा देशांत पांगलेल्या नातलगांनी ती एकामागून एक वाचायची, समासात पेन्सिलीने मनातले लिहायचे आणि पुढच्याला टपालाने धाडायची, आणि शेवटी एका रविवारी सगळ्यांनी फोनवर चर्चा करायची, असा ताईचा शिरस्ता. स्वतःचा नंबर तिने शेवटचा ठेवला होता. तिला पुस्तक सगळ्यांच्या टिपांसकट हवे होते. बाईंच्या आधी ते आतेभावाकडे होते. त्याच्या देशात हवा बाराही महिने दमट. त्याने काळजीपोटी पुस्तक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून पाठवले, म्हणजे बुरशीला प्रवासात स्वतंत्र खोलीच दिली. बाईंनी पाने टिपकागदात वाळवली, मऊ कुंचल्याने झाडली, वाचली, समासात लिहिले आणि खरे ते रकान्यात नोंदवले.

त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, पुस्तक परत आलंय. माझ्यामुळे."

हकिगत ऐकून पलीकडे हसू फुटले. "लहानपणी पाहुण्यांनी घरी कोण कोण असतं विचारलं, तर तू पालीसुद्धा मोजल्या होत्यास."

"त्या होत्या. बरं, महिनाअखेरच्या रविवारची चर्चा पुढे ढकलू या?"

"दोनदा ढकलली गं. आता कुणी ऐकत नाही. शेवट सांगायला आतेभावाचं पोट दुखतंय नुसतं."

"मग पानांचे फोटो पाठवते."

"फोनवर मी बातम्या वाचते, त्याही अर्ध्या. मला ते पुस्तक हातात हवंय. नाही आलं तर तुम्ही खुशाल बोला, मी नसेन. आणि पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणी तरी शोधावं. मी थकले."

ताई रागाने बोलली असती तर बाईंनी मनावर घेतले नसते. पण ती अगदी सरळ आवाजात बोलली. आई गेल्यापासून दोघी बहिणींना एकमेकींशी बोलायला पुस्तकांखेरीज विषय उरला नव्हता. बाईंना याचीही नोंद घेता येत होती.

टपाल कचेरीत उत्तर मिळाले: पाकिटाची नोंद झाली आहे; आता तपासणीचा दाखला जोडल्याशिवाय ते हलणार नाही. असे दाखले बाईच देत. पण स्वतःच्या पुस्तकावर स्वतःची सही करणे त्यांच्या बुद्धीला पटेना. सही करू शकणारा दुसरा माणूस एकच, घाईसाहेब. अहवाल लवकर हातावेगळे करण्याच्या सवयीमुळे हे नाव त्यांना बाईंनीच दिले होते.

"या, या," घाईसाहेब म्हणाले. "नमुना रीतसर अर्जासह आणलात ना? नाही तर मला परत पाठवावा लागेल."

"आणलाय."

"वा. इतकी वर्षं या दिवसाची वाट पाहत होतो."

त्यांनी डाग असलेल्या प्रत्येक पानावर ओला निर्जंतुक कापूस फिरवला, त्याने पोषक थर असलेल्या प्लेटवर रेघा ओढल्या आणि बुरशी असेल तर उगवावी म्हणून प्लेट उबदार इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. त्या काढायच्या दिवशी एका प्लेटच्या कडेला हिरवट ठिपका उगवलेला होता.

"रेघेवर नाही, बाजूला आहे," घाईसाहेब हळूच म्हणाले. "हवेतून पडलाय, मॅडम. सोडून देतो. तुमच्या ताईंचा रविवार चुकेल."

बाईंनी प्लेट उजेडात धरली. ठिपका खरेच रेघेपासून दूर होता.

"हवेतला असणं संभवतं," त्या म्हणाल्या. "पण कुणाच्या पिठाला मी ही सवलत दिली असती का?"

"नसती. माझ्या अहवालाला तर मुळीच नसती."

"मग पुन्हा करा. त्याच पानाच्या दुप्पट प्लेट लावा."

"आणि पुन्हा उगवली तर?"

"तर पुन्हा झाडीन, पुन्हा वाळवीन, पुन्हा तुमच्याकडे आणीन. पुस्तक जाणार आहे."

त्या आठवड्यात घरी कुणी थट्टा केली नाही. नवऱ्याने न सांगता सर्वांत जलद टपालाची चौकशी करून ठेवली, आणि पाकीट कागदाचेच आणले.

दुसऱ्या खेपेला प्लेट कोऱ्या निघाल्या. घाईसाहेबांनी अहवाल लिहिला, सही केली आणि कागद बाईंपुढे सरकवला. 'बुरशी: आढळली नाही.'

"काही दुरुस्ती?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि शब्द तोंडातून गेल्यावर थबकल्या. "म्हणजे, आढळली नाही."

घाईसाहेब पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोठ्याने हसले.

रविवारी एकेक आवाज फोनवर गोळा झाला. ताईचा आवाज नव्हता. आतेभावाने घसा खाकरला. "मग करू या सुरुवात? तो शेवट म्हणजे..."

"थांब," बाई म्हणाल्या. "ती येईपर्यंत कुणी बोलायचं नाही."

"आणि आलीच नाही तर?"

"तर गप्प बसू."

कुणी तरी उसासा टाकला, पण फोन कुणीच ठेवला नाही. एवढ्यात ताई आली. "पाकीट काल हातात पडलं. माझं शेवटचं प्रकरण चालू आहे. कुणी तोंड उघडलं तर याद राखा."

सहा देशांतली माणसे निमूट बसून राहिली. पान उलटल्याचा आवाज येई, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा पान. मध्येच समासातली बाईंची टीप वाचून ताई हसली. कोणती, हे विचारण्याचा मोह बाईंनी आवरला.

मग ताई शिंकली.

बाई ताठ बसल्या. "ताई?"

"सर्दी आहे गं. बुरशी नाही."

"असं म्हणता येत नाही," बाई म्हणाल्या.

"वाचू दे," ताई म्हणाली, आणि पान उलटले.