मार्लिसची मूळ संख्या

प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या छांदिष्टांचा एकच कडक नियम असतो: दुसऱ्याच्या संगणकावर पडताळणी होईपर्यंत तोंडाला कुलूप. अमेरिकेतल्या डुलुथचा आर्विड टॉलफसन जन्मभर हा नियम पाळत आला आणि नेमका एकदाच, नको तेव्हा, मोडून बसला.

तळघरातल्या त्याच्या संगणकानं बाकी शून्य दाखवली. दोनाची दुप्पट, तिची दुप्पट असं करत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा, अशी ती कोट्यवधी आकडी संख्या. ही बाकी साध्या भागाकारातली नव्हे, मूळपणाच्या एका खास कसोटीतली; तिथं शून्य आलं म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून त्या संख्येला कशानंही भाग जात नाही. त्याची बायको मार्लिस तेव्हा शुश्रूषागृहात शेवटचे दिवस मोजत होती. पडताळणीला वेळ लागणार होता आणि तिच्याकडे तोच नव्हता. कोट न घालताच तो बर्फातून तिकडे गेला.

"कधीच भाग जाणार नाही? आपण सगळे मेल्यावरसुद्धा?"

"कधीच नाही."

"चला, आपल्या घरातलं काहीतरी टिकलं म्हणायचं."

इतकी वर्षं त्या यंत्राच्या घरघरीला शिव्या घालणारी ही बाई, पण आता पाद्र्यापासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत सगळ्यांना आपल्या संख्येचं कौतुक सांगू लागली. भीती वाटली की मी तिचाच विचार करते, म्हणाली.

मग पडताळणीचं उत्तर आलं. आर्विडचा संगणक तापून चुकला होता. संख्या मूळ नव्हतीच. तो शुश्रूषागृहाबाहेर गाडीत बसून हमसून हमसून रडला आणि तोंड पुसून आत गेला.

"आलं का उत्तर?"

"आलं. मूळच आहे."

मार्लिसनं त्याचे रडून लाल झालेले डोळे पाहिले. तेवढ्यात लनेट ही परिचारिका औषध घेऊन आली.

"ऐकलंस का गं, पक्कं झालं!" मार्लिस तिला म्हणाली. "आता या म्हाताऱ्याचा तोरा कोण उतरवणार?"

लनेटनं आर्विडचा हात धरून तोंडभर अभिनंदन केलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेल्यावर मार्लिसनं हळूच विचारलं, "कशानं भाग जातो रे?"

"कुणालाच माहीत नाही. जातो, एवढंच सिद्ध झालंय. कशानं, ते शोधावं लागेल."

"मग शोध की."

"मार्लिस, ते शोधायला माझा उरलेला जन्म पुरायचा नाही."

"म्हणून तर सांगतेय," ती म्हणाली.