चार माथे

मोहनाने उजवा पाय खडकाच्या खाचेत रोवला, वरची कड दोन्ही हातांनी धरली आणि अंग वर ओढून घेतलं. पहिला माथा. साडेदहा वाजले होते. वर दगडांची एक रास होती आणि तिच्यात खोचलेली विटकी लाल झेंडी. पुढे एकाच धारेवर आणखी तीन उघडेबोडके माथे, आणि मधल्या खिंडींत मे महिन्यातही न वितळलेला बर्फ. हिमालयात पहिल्यांदाच आलेल्या माणसाने इथे घटकाभर थांबायला हवं होतं. तिने पाण्याचे दोन घोट घेतले आणि ती पलीकडे उतरू लागली.

सकाळी सातला मनालीच्या गेस्ट हाउसवर बडोद्याहून जयवंतचा, तिच्या धाकट्या भावाचा, फोन आला होता.

"ताई, बाबा सीरियस आहेत. आठची बस धर, रात्री दिल्लीला पोचशील. सकाळच्या विमानाचं मी बघतो."

"बरं," ती म्हणाली होती.

पिशवी भरून ती बसथांब्यावर गेलीसुद्धा. कंडक्टरने दोनदा विचारलं, "मॅडम, चलना है?" ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. बस सुटली, वळणाआड गेली. मग ती परत आली, पिशवी खोलीत ठेवली, बूट चढवले आणि गेस्ट हाउसच्या मालकाने आदल्या दिवशी दाखवलेल्या पायवाटेला लागली. लवकर निघालात तर चारही माथे एका दिवसात होतात, असं तो म्हणाला होता.

बाबांना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली होती. बडोद्यात, कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये त्यांचं सगळं मोहना एकटी करत होती. शाळेत गणित शिकवायची, मधल्या सुट्टीत घरी येऊन त्यांना भरवायची, पुन्हा शाळेत जायची. 'सीरियस' हा शब्द आजवर तीनदा तिनेच पुण्याला फोन करून जयवंतला सांगितला होता. तिन्ही वेळा तो धावत आला, तिन्ही वेळा बाबा सावरले. या सुट्टीत तो आपणहून पंधरा दिवसांसाठी येऊन राहिला होता. "तू कुठेतरी जाऊन ये ताई," म्हणाला. तिला घरातून निघून आज चौथा दिवस होता.

दुसऱ्या माथ्यावर ती बसलीही नाही. तिसऱ्यावर वारा एवढा होता, की थेपल्याचा कागद हातातून उडाला. थेपला तिने उभ्यानेच संपवला. दरीकडे तोंड करून एकदा "बाबा" असं म्हणून पाहिलं. शब्द रोजच्यासारखाच निघाला, औषधाचा चमचा पुढे करताना निघायचा तसा. चौथ्या माथ्याच्या अलीकडे पाय घसरला, तळवा खरचटला. रक्त आलेलं तिला दिसलं, पण झोंबलं नाही.

खाली उतरली तेव्हा सहा वाजून गेले होते. बाजारातल्या एसटीडी बूथमध्ये शिरून तिने नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला जयवंतने फोन उचलला.

"ताई? कुठवर आलीस? चंदीगढ?"

"बाबा कसे आहेत?"

जयवंतच्या मागे माणसांची कुजबुज होती. कुणीतरी गुजरातीत विचारलं, "मोहनाबेन छे?"

"ताई, बाबा पहाटे चारलाच गेले. तुला एकटीला एवढा प्रवास करायचा, म्हणून सकाळी नुसतं सीरियस सांगितलं."

तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बर्फाच्या लाद्या आणल्यात. उकाडा फार आहे, पण उद्यापर्यंत काढू. सगळी सोसायटी म्हणतेय, मोहना आल्याशिवाय न्यायचं नाही, तिनेच केलंय त्यांचं. तिकीट झालंय. तू फक्त रात्री दिल्ली गाठ. ऐकतेयस ना?"

"जयवंत, मी मनालीतच आहे."

"म्हणजे? बस चुकली?"

हो म्हटलं असतं तर तो पुढे काहीही विचारणार नव्हता.

"नाही. बस होती. मी बसले नाही."

बूथवाला पेपर वाचत होता. काचेबाहेर एक बाई लोकरी मोजे विकत होती.

"मग आता?" जयवंतने हळूच विचारलं.

"थांबू नका. सकाळी उन्हाच्या आत न्या." तिला श्वास घ्यावा लागला. "आणि त्यांची मान डावीकडे कलते. तशीच राहिली तर आखडते. आधार लागतो."

जयवंतने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचं तिला ऐकू आलं, आणि मग लांबून त्याचा आवाज.

"एक उशी आणा कुणीतरी. लहान बघून."