साहेबाचं पथ्य

कुत्र्याला काय खायला घालावं हे मला कोणी शिकवू नये. तीस वर्षं मी मटणाचं दुकान चालवते. वडिलांच्या मागे ते माझ्याकडे आलं तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणसाला झेपायचं नाही. आता तेच लोक सुट्टीच्या दिवशी माझ्या दुकानापुढे रांग लावतात आणि मी "पुढचं कोण?" म्हटलं की गुमान पुढे येतात.

त्यामुळे धाकट्या बहिणीचा कुत्रा खाजवून खाजवून अर्धा सोलला गेला, तेव्हा मी त्याला सरळ उचलून माझ्या घरी आणलं. त्याचं नाव साहेब. खोलीत शिरला की आधी चारही कोपरे तपासतो आणि मगच बसतो, म्हणून साहेब. पोटाखालचे केस उडालेले, कान लाल, अंगाला ओल्या पायपुसण्याचा वास. धाकटी शाळेत शिकवते, तिचा नवरा जमिनींची मोजणी करतो. मी त्यांना जावईबापू म्हणते. त्यांना ते आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणते.

"डॉक्टर झाले, औषधं झाली," जावईबापू म्हणाले होते. "आता मोठ्या अंगणाचं एखादं घर बघून त्याला तिकडे देऊ या." धाकटीने त्यावर दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

"सहा आठवडे द्या मला," मी म्हटलं. "कच्चं मटण, मऊ हाडं, थोडं काळीज. सगळं शेळीचं. कोंबडीचा एक कण नाही, त्याच्या अंगाची आग तिच्यामुळेच होते."

"आणि गुण नाही आला तर?"

"तर कुत्रा माझा. अंगण लहान आहे, पण चालेल."

तेव्हा मी हे नुसत्या तोऱ्यात बोलून गेले होते. आता सांगते, पुढे काय झालं ते. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या कानांची लाली गेली. चौथ्यात पोटावर नवी लव आली. आणि पाचव्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की दुपारी दुकान बंद करून मी आडवी झाले की हा माझ्या पावलांवर हनुवटी टेकून झोपतो आणि मी त्याला दिवसभराच्या गोष्टी सांगत असते. नवरा गेल्यापासून दुपारी मी कोणाशी बोलत नव्हते. माझा स्वतःचाही एक कुत्रा आहे, वकील. पण त्याला काही सांगायची सोय नाही, तो लगेच भुंकून उलट बोलतो.

थोडक्यात, माझा उपाय लागू पडत होता आणि तो जितका लागू पडेल तितका साहेब माझ्या हातून जाणार होता.

सहा आठवडे संपले तरी जावईबापूंचं समाधान होईना. मोजणारा माणूस तो, दुसऱ्याने मोजलेलं कसं मानेल? "दुकानात तुम्ही त्याला काय घालता, मला काय माहीत," ते म्हणाले. "चार दिवस सगळे तळ्याकाठी तंबू टाकून राहू. माझ्या डोळ्यांसमोर तेच खाऊन त्याने खाजवलं नाही, तर घरी नेतो."

"चार काय, चाळीस दिवस राहू," मी म्हटलं.

बर्फाची पेटी मी भरली. तळाशी शेवटच्या दिवसाचं, वर पहिल्या दिवसाचं. प्रत्येक पुडी दगडासारखी गोठवलेली, म्हणजे मटण आणि बर्फ दोन्ही तेच. वकीलही बरोबर येणार होता. त्याला कोंबडीच्या माना लागतात, त्या मी मधल्या फटींत ठोसल्या. रिकामी जागा मला बघवत नाही. धाकटी म्हणाली, "ताई, झाकणाचे डबे आणलेत, त्यात भर ना."

"प्लास्टिकमध्ये मटण घुसमटतं," मी म्हटलं. आमच्या दुकानात वडिलांपासून सगळं जाड कागदात बांधतात. तीन वेळा घडी, वर सुतळी. धाकटीने डबे परत फडताळात ठेवले.

पहिले दोन दिवस माझे होते. सकाळी मी सपाट दगड धुऊन त्यावर पुडी सोडायची, साहेब चार पावलं लांब बसून राहायचा आणि मी मान हलवली की यायचा. जावईबापू तोंड फिरवून चहा प्यायचे. "रक्त दिसतंय हो," म्हणायचे.

"जमिनीत खुंट्या ठोकता तेव्हा जमिनीला विचारता का?" मी म्हटलं. धाकटी इतकी हसली की तिचा चहा सांडला. साहेब पाण्यात गेला, बाहेर आला, अंग झटकलं आणि गवतात लोळला. एकदाही खाजवलं नाही. जावईबापू वहीत काहीतरी लिहीत होते आणि लिहिता लिहिता त्याच्याकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूबाहेर आले तर साहेब मागच्या पायाने कान खाजवत होता. मग पोट. मग पुन्हा कान. दुपारपर्यंत कान लाल झाले.

धाकटी चप्पल न घालता तळ्याकडे चालत गेली आणि पाठमोरी बसून राहिली. जावईबापू माझ्याजवळ आले. मला वाटलं आता टोमणा मारतील, पण ते हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही मनापासून केलंत. नाही जमत त्याला, त्याला तुम्ही काय करणार? ठरल्याप्रमाणे तुम्हीच ठेवा. तुमच्याकडे तो सुखी असतो, मी पाहिलंय."

मी "बघू" म्हणून पेटीकडे गेले. झाकण उघडलं. गोठवलेल्या पुड्या अर्ध्या वितळल्या होत्या आणि तळाशी गुलाबी पाणी साठलं होतं. कोंबडीच्या मानांचा कागद फाटून त्याचा लगदा झाला होता आणि त्या पाण्यात शेळीच्या पुड्या भिजत पडल्या होत्या. दुकानातून निघालेली पुडी अर्ध्या तासात कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पोचते. तीन दिवस पाण्यात राहायला तो कागद नसतोच. कालची पुडीही याच ओल्या मानांना चिकटलेली होती.

म्हणजे चूक मटणाची नव्हती. पथ्याचीही नव्हती. चूक माझी होती, आणि ती माझ्याखेरीज कोणाला कळणार नव्हती. पाणी झुडपात ओतलं की संपलं. साहेब माझा. आयुष्यभर दुपारी माझ्या पावलांवर.

मी खोटं बोलत नाही असं नाही. उरलेला तुकडा "खास तुमच्यासाठी ठेवलाय" म्हणून रोज कोणाला तरी देते. झाकण हातात धरून मी बराच वेळ तिथे उभी होते. पण एक गोष्ट घशाखाली उतरेना. मी गप्प राहिले तर हे दोघं जन्मभर म्हणणार, ताईच्या मटणाने गुण आला नाही. माझ्या मटणाने! धाकटीचं रडू मी कदाचित सोसलं असतं, मी तितकी वाईट आहे. हे सोसणं शक्य नव्हतं.

"जावईबापू," मी हाक मारली. "इकडे या. आणि तिलाही बोलवा."

मी त्यांना पाणी दाखवलं, कागद दाखवला, मानांचा लगदा दाखवला. "पथ्य बरोबर आहे. पुडी मी चुकीची बांधली. कोंबडी त्याच्या पोटात गेली ती माझ्या हातून. डबे वापरले असते तर आज त्याने खाजवलं नसतं."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. ती "मी म्हटलं होतं" म्हणाली नाही. बरं झालं.

जावईबापूंनी वाकून पाण्याचा वास घेतला, कधी नव्हे ते. "मग आणखी सहा आठवडे ठेवायचा तुमच्याकडे?"

"नाही. इथूनच घरी न्या," मी म्हटलं. "आणखी सहा आठवडे राहिला तर मी तो परत द्यायची नाही. आत्ताच जड जातंय."

हे सगळ्यांसमोर बोलून टाकल्यावर मला रडू आलं. धाकटीने माझा हात धरला तो सोडेचना.

संध्याकाळी जवळच्या बाजारातून मी ताजं शेळीचं मटण आणलं. लाकडी फळी मांडली, सुरी जावईबापूंच्या हातात दिली आणि म्हटलं, "आजपासून हे तुमचं काम." तीस वर्षांत ही सुरी मी कोणाला दिली नव्हती. त्यांनी बोटांच्या चिमटीत मटण धरलं, चेहरा वाकडा केला आणि कापायला लागले. सगळे तुकडे एका मापाचे. साहेब चार पावलं लांब बसला होता. जावईबापूंनी मान हलवली, तसा तो उठला, सरळ त्यांच्याकडे गेला आणि माझ्याकडे एकदाही न बघता सगळं खाल्लं.

मटण चांगलं असलं की कुत्रा इकडेतिकडे बघत नाही. मी आणलं होतं ते.