चुलीमागची चूल

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या एका खेड्यात ‘आंधळं अस्वल’ नावाचा पब होता. मातीच्या हातभर जाड भिंती, गवताचं छप्पर, आणि दारं इतकी बुटकी की गावातली ताठ माणसंही आत शिरताना नम्र व्हायची. मामाच्या मागे हा पब थॉमसिन येलंडकडे आला आणि त्याच्याबरोबर म्हातारे कथबर्ट लस्कमही आले. चुलीशेजारची खुर्ची त्यांची. लग्न झाल्यापासून ते त्याच भिंतीला टेकून बसत. बायको गेली, पण भिंत होती.

भिंतीतली चूल मात्र महाकंजूष. तपकिरी टाइल्सच्या चौकटीत मूठभर कोळसा जळायचा आणि त्याची ऊब लस्कम आणि त्यांचा कुत्रा या दोघांतच संपायची. बाकीची गिऱ्हाइकं कोट घालून बिअर प्यायची. एकदा साफसफाई करताना थॉमसिनच्या झाडूचा दांडा चुलीजवळच्या भिंतीवर आपटला आणि आवाज पोकळ आला. तिने विल्मट क्रोकर या गवंड्याला बोलावलं. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि मागे दुसरी चूल असल्याचं सांगितलं. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याची परवानगी येईपर्यंत अख्खा उन्हाळा गेला.

लस्कमना हे मुळीच पसंत नव्हतं.

“पोरी, भिंत फोडलीस तर मी टेकू कुठे?”

“बारला टेका, मिस्टर लस्कम.” ती चिडली की त्यांना मिस्टर म्हणायची.

“बारला टेकणाऱ्याला लोक दारुडा म्हणतात.”

भिंत फुटलीच. टाइल्समागे विटांची कमानदार चूल निघाली, आणि तिच्याही मागे दगडी, खोलीएवढी तिसरी. वर ओकची काळीभोर तुळई, एका अंगाला पाव भाजायची भट्टी, दोन्ही बाजूंना बसायला दगडी ओटे. धुराड्यातून कावळ्यांच्या घरट्यांच्या काटक्या गाडीभर निघाल्या. तुळईमागच्या कोनाड्यात लहान मुलाचा एक वाळून कोळ झालेला बूट सापडला.

चेटकिणी धुराड्यातून उतरू नयेत म्हणून जुने लोक असा बूट ठेवत, तो हलवू नकोस, असं लस्कमनी बजावलं. थॉमसिनला तो आवडला होता. तिने काचेच्या पेटीत घालून बारवर मांडला.

शनिवारी गाव जमलं. विल्मटने ओंडके पेटवले. ज्वाळा मस्त उठल्या, पण धूर वर जायचं सोडून पाहुण्यासारखा थेट आत आला. डोळे चोळत सगळे अंगणात पळाले. थॉमसिन मग हातात ओला टॉवेल घेऊन पावसात उभी राहिली. वर्षभराची हौस डोळ्यांतून वाहत होती, आणि धुरामुळे कुणाला ती कळली नाही एवढंच बरं.

“बूट,” लस्कम म्हणाले.

“चुलीचं तोंड मोठं आहे,” विल्मट म्हणाला. “तुळईखाली पत्र्याची पट्टी लावली की धूर मुकाट वर जाईल.”

दोघं तिच्याकडे पाहत राहिले. एकाचं ऐकावं तर दुसरा रुसणार. दुसऱ्या दिवशी तिने विल्मटकडून पट्टी बसवून घेतली, आणि तो हात धुवायला गेला तेवढ्यात शिडीवर चढून बूटही कोनाड्यात ठेवला. धूर सरळ वर गेला.

तेव्हापासून पबात दोन पक्ष आहेत, पट्टीवाले आणि बूटवाले. लस्कम आता चुलीच्या आत दगडी ओट्यावर बसतात, गाल लालबुंद करून, आणि पट्टीवाल्यांना मुद्दाम आपल्या शेजारी जागा देत नाहीत. नक्की कशाने फरक पडला, असं कुणी थॉमसिनला विचारलंच, तर ती ग्लास पुसत राहते. एकदा पट्टी काढून पाहायचा मोह तिलाही झाला होता. पण बाहेर बर्फ पडत होता, पब भरला होता आणि वाद रंगला की माणसं आणखी एक बिअर मागवतात, हे तिला ठाऊक होतं.