तक्त्यावरची बारीक ओळ

साडूचं काही चांगलं झालं की ट्रकवाल्याच्या पोटात दुखायचं. आज दोघांचीही लायसनसाठी डोळेतपासणी होती. साडू आधी आत गेला आणि त्याने तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा म्हटली. दाराबाहेर ट्रकवाल्याचा जळफळाट झाला. मेल्याची नजर बघा, घारीसारखी! पण ऐकलेली अक्षरं त्याने पाठ केली आणि पाळी आल्यावर तितक्याच ठसक्यात म्हणून दाखवली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही ड्रायव्हर मंडळी जुनाच तक्ता पाठ करून येता! तो मी कालच बदललाय. तुमच्या साडूंनीही हेच म्हटलं. दोघंही नापास."

आता ट्रक दारात उभा राहणार होता. तरी ट्रकवाल्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. साडूलाही दिसत नव्हतं!