पहिली रिंग

यंत्राच्या पोलादी बोटाने सकाळची पहिलीच रिंग लाल ट्रेमध्ये ढकलली आणि मालक दत्तप्रसादांनी कपाळावर हात मारून घेतला.

"झालं! आजही तेच. चांगला माल बाद करायला यंत्र आणलंय मी."

लॅपटॉपवर वाकलेली अपेक्षा ओशाळली. यंत्र तिच्या कंपनीचं होतं.

"सर, बाकी सगळं अचूक आहे. फक्त रोज सकाळी पहिली रिंग बाद करतंय. का, तेच कळत नाहीये."

मुक्ताई भिंतीला टेकून उभी होती. धायरीतल्या या कारखान्यात कुकरच्या रबरी रिंगा तपासण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. चीर किंवा बुडबुडा दिसला की रिंग लाल ट्रेमध्ये, नाहीतर हिरव्यात. आज यंत्र पास झालं की उद्यापासून तिने यायचं नव्हतं. मालकांनी परवा केबिनमध्ये बसवून, चहा पाजून तसं सांगितलं होतं. पुण्यात एवढं अगत्य म्हणजे बातमी वाईटच, हे तिने चहा समोर आला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"याला हे शिकवलं कोणी?" दत्तप्रसादांनी विचारलं.

"काकूंनीच की." अपेक्षाने टेबलाच्या वर टांगलेल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "काकू कुठली रिंग कुठे टाकतात, ते दिवाळीपासून रेकॉर्ड होतंय. त्यावरूनच यंत्र शिकलं."

तो कॅमेरा चोरीमारीसाठी लावलाय असं मुक्ताई समजत होती. आपल्यावर नजर आहे म्हणून दुपारची डुलकीसुद्धा तिने सोडली होती, एकेक रिंग उजेडात दोनदा फिरवून पाहिली होती. एवढं मन लावून तिने पोटच्या पोरीलाही काही शिकवलं नव्हतं. ती स्टुलावर मटकन बसली.

आणि बसल्या बसल्या तिला दुसरा धक्का बसला.

घरी पहिली भाकरी गाईची, तशी इथे पहिली रिंग देवाची. ती कपाळाला लावायची आणि हाताशी असलेल्या लाल ट्रेमध्ये बाजूला ठेवायची. संध्याकाळी निघताना गुपचूप हिरव्यात टाकायची. इतक्या वर्षांत शेजारी बसणाऱ्यांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. या मेल्याच्या मात्र बरोबर लक्षात आलं होतं.

"काकू, पहिल्या रिंगेचं तुम्ही काही वेगळं करत होता का?" अपेक्षाने विचारलं.

"नाही बाई."

उत्तर इतकं पटकन आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

दत्तप्रसादांनी लाल ट्रेमधली रिंग उचलून उलटसुलट बघितली. मग त्यांनी ती टेबलावर आपटली.

"मॅडम, यंत्र हुशार असेल तुमचं, पण कारण सापडेपर्यंत ते झाकून ठेवा. मुक्ताई, बसा तुमच्या जागेवर. आजचा माल तुम्हीच बघा. आणि उद्याचाही."

मुक्ताईला खोटं बोलल्याची लाज वाटत होती, पण आनंद लाजेपेक्षा कितीतरी मोठा होता. तिने पदर खोचला, स्टूल पुढे ओढलं, नवा क्रेट जवळ घेतला. आता निदान काही महिने तरी घोर नव्हता. तिने वरची रिंग उचलली, उजेडात धरली, दोनदा फिरवली. कुठे चीर नाही की बुडबुडा नाही. समाधानाने तिने ती कपाळाला लावली आणि लाल ट्रेमध्ये ठेवली.

अपेक्षाने लाल ट्रेमधून ती रिंग उचलून उजेडात धरली.

"काकू," अपेक्षा हळूच म्हणाली, "ही तर चांगली होती ना?"